मधल्या दारातला निरोप

माझा नवरा इसिमेली आणि त्याची धाकटी बहीण तोरिका यांनी बावीस वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेला नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट एकमेकांवर इतका जीव टाकणारी भावंडं मी दुसरी पाहिली नाहीत. पण ही दोघं वैनिमाला नदीच्या खोऱ्यात, पार डोंगरात वाढलेली. तिथे मुलगी शहाणी झाली की सख्ख्या भावाशी तिचं बोलणं बंद होतं. एका चटईवर बसायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, वाटेत समोर आले तर नजर खाली घालून बाजूला व्हायचं. सुवासारख्या राजधानीच्या शहरात आता हे कोण पाळतं? माझ्या माहेरी, कंडावू बेटावर, आम्ही बहीण-भाऊ एकमेकांच्या झिंज्या उपटत मोठे झालो. ही दोघं मात्र शहरात येऊनही पाळत राहिली, आणि लग्न झाल्यापासून त्यांच्या मधे मी होते.

आमचं घर लष्कराच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं. तोरिका यायची ती मागच्या दारानं, आणि स्वयंपाकघरात बसायची. इसिमेली पुढच्या खोलीत. मधल्या दारात मी. तिनं मला सांगायचं, मी त्याला सांगायचं. त्यानं मला सांगायचं, मी तिला. दोघांत सात-आठ पावलांचं अंतर, सगळं ऐकू जायचं, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही.

"लोसा, तुझ्या नवऱ्याला विचार, गुडघा कसा आहे म्हणावं."

"माझा नवरा बहिरा नाही. ऐकलंय त्यानं."

"तू विचार गं. बसल्या जागी तेवढं तरी काम कर."

"गुडघा कसा आहे विचारतेय," मी मान वळवून म्हणायची.

"बरा आहे म्हणावं."

"बरा आहे म्हणतोय. पण बहिणीचा आवाज ऐकून दुखायला लागलाय."

"हे तो नाही म्हणाला. हे तुझं, मासेखाऊ कुठली."

"आणि तू गं चिखलपायी? तुमच्या डोंगरात माणसं पाय कधी धुतात, नदीला पूर आला की?"

आमच्यात नणंद-भावजयीनं एकमेकींची अशी टर उडवायचीच असते. जिला राग येईल ती हरली. मला कधी राग आला नाही, तिलाही नाही. पुढच्या खोलीत इसिमेली खाली मान घालून हसत असायचा, कारण बहिणीच्या विनोदावर उघड हसणंही त्याला चालत नसे. तेरा वर्षं असं चाललं. एकुलती एक मैत्रीण म्हणावी तर माझी तीच.

आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बहिणीनं भावाकडे काही मागितलं, तर भावाला नाही म्हणता येत नाही. बोलणं बंद असतं म्हणूनच की काय, मागणं एवढं मोठं असतं. म्हणून शहाणी बहीण सहसा मागतच नाही. तोरिकानं आयुष्यात दोनदा मागितलं होतं. एकदा शिवणयंत्र, आणि एकदा, नवरा वारला तेव्हा, गावच्या घरातला भावाचा वाटा. दोन्ही वेळा निरोप मीच दिला होता आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो "हो" म्हणाला होता.

इसिमेली लष्करात होता, पण बंदूकवाला नव्हे. बँडवाला. सतरा वर्षं तो पोटाएवढा मोठा पितळी भोंगा वाजवत होता. शांतिसेनेबरोबर दोनदा परदेशी जाऊन आला, लेबनानला आणि सिनाईच्या वाळवंटात, आणि दोन्हीकडे त्यानं तोच वाजवला. २००६च्या डिसेंबरात सेनापतीनं सरकार उलथलं, त्या सकाळी इसिमेलीला एवढंच कळलं, की आजचा सराव रद्द. मग त्याच्या हातात बंदूक दिली आणि पुलाजवळच्या चौकीवर उभं केलं. तेव्हापासून तो गाड्या थांबवत होता. निम्मे ड्रायव्हर ओळखीचे. ते विचारायचे, "काय रे, आज भोंगा कुठंय?"

आमच्या बेटांना हे काही नवं नव्हतं. वीस वर्षांतला हा चौथा उठाव. त्यामुळे रेडिओवर रोज बातमी यायची, की अमक्या देशानं तीव्र निषेध केला, तमक्या राष्ट्रकुलानं बाहेर बसवलं, कुणी मदत रोखली, कुणी राजदूताला बोलावून घेतलं, आणि वसाहतीतल्या आम्ही बायका नळावर हसायचो. शेजारची म्हणाली, "निषेधानं माझ्या अळूला कीड लागत नाही तोवर करू देत." मग हॉटेलं ओस पडली. तोरिका ज्या कारखान्यात कपडे शिवायची तिथे परदेशच्या मागण्या घटल्या आणि आठवड्याचे तीनच दिवस काम राहिलं. नळावरचं हसणं कमी झालं. आणि मग थोरल्या शेजाऱ्यानं यादी काढली.

थोरला शेजारी म्हणजे विमानानं तीन-चार तासांवरचा तो मोठा देश. आमच्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'तिकडे' म्हणतात. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे असतंच. त्या देशानं जाहीर केलं, की आमच्या लष्करातला कुणीही माणूस आणि त्याच्या जवळच्या नात्यातलं कुणीही यापुढे तिकडे पाऊल ठेवणार नाही. सेनापती काय, भोंगेवाला काय, सगळे एका माळेचे मणी. ज्या जगानं इसिमेलीला शांतता राखायला वाळवंटात नेलं, त्याच जगाच्या दारात आता त्याला बंदी होती. तो म्हणाला, "जाऊ दे, मला कुठं जायचंय?"

त्याला नव्हतं जायचं. पण माझ्या सासूबाई तिकडे होत्या.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याला जुळी झाली, ती सांभाळायला म्हणून त्या गेल्या आणि राहिल्या. मेरेवाई त्यांचं नाव. त्यांना मुलं ही दोनच, इसिमेली आणि तोरिका. जानेवारीत भाच्याचा फोन आला. सासूबाईंची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली होती, आणि रक्त शुद्ध करणारं यंत्र त्यांच्या हृदयाला झेपत नव्हतं. डॉक्टर आठवड्यांच्या हिशेबानं बोलत होते. सासूबाई एकच म्हणत होत्या, तोरिकाला बोलवा. आमच्याकडे आई जाताना लेकीनं उशाशी बसायचं असतं. केसांना खोबरेल लावायचं, पाय चेपायचे, आणि आई सांगेल ते ऐकून ठेवायचं. आई त्या वेळी जे सांगते ते फक्त लेकीला सांगते. सुनेला नाही, मुलाला तर नाहीच.

तोरिकानं त्या देशाच्या वकिलातीत व्हिसासाठी अर्ज केला. नाकारला. ते पत्र घेऊन ती एका बुधवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आली. इसिमेली चौकीवर होता.

"मला खिडकीतल्या माणसानं विचारलं," ती म्हणाली, "भावाशी शेवटचं बोलणं कधी झालं? मी म्हटलं, मी तेरा वर्षांची असताना. तो म्हणाला, बाई, कृपा करून खरं सांगा."

"मग?"

"मग काय. खरंच सांगितलं पुन्हा. त्यानं काहीतरी लिहून घेतलं." तिनं पत्र घडी करून पुन्हा उघडलं. "बारा वर्षं त्यांच्या पोरांच्या शाळेच्या शर्टांना कॉलर शिवतेय मी, लोसा. शर्ट जातात. मला नाही जाता येत."

तिला रडताना मी नवरा वारला तेव्हाही पाहिलं नव्हतं. आताही ती रडली नाही. म्हणाली, की तो माणूस वाईट नव्हता. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, खास परवानगीसाठी अर्ज करायचा. त्याला सहा ते आठ आठवडे. दुसरी, भाऊ नोकरी सोडत असेल तर त्याचा सुटकेचा कागद आणायचा. भाऊ लष्करात नाही म्हटल्यावर बहिणीवर बंदी नाही, दोन दिवसांत काम होतं.

"आठ आठवडे आईजवळ नाहीत," ती म्हणाली. मग थोडी सावरून, कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा काठ सारखा करून, जशी मोठी गोष्ट बोलायची तशी बसली. "त्याला सांग. मी मागतेय. लष्कर सोड म्हणावं."

मी अळूचे कंद सोलत होते. म्हटलं, "सांगते."

ती गेल्यावर मी सोलत राहिले. तीन वर्षांत इसिमेलीची वीस भरणार होती, मग पेन्शन. आत्ता सोडलं तर काहीच नाही. घर जाणार. दोन्ही मुलींची शाळा वसाहतीच्या फाटकासमोर होती. आणि अशा दिवसांत लष्कर सोडणारा म्हणजे फितूर, असंच बघतात. भोंगा वाजवणाऱ्याला बाहेर काम कोण देणार, हॉटेलात वाजवावं तर हॉटेलं रिकामी. हे सगळं इसिमेलीच्या मनात आलं असतं का? आलं असतं. पण त्यानं काही होणार नव्हतं. निरोप पोचला की तो "हो" म्हणणार, हे मला सूर्य उगवण्याइतकं पक्कं माहीत होतं. त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. हे सगळं थांबू शकेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे माझं तोंड.

संध्याकाळी तो आला, बूट काढले. "आईचं काय कळलं?"

"खास परवानगी मागायची म्हणतेय तोरिका. होईल."

"होईल ना?"

"होईल," मी म्हटलं आणि ताट वाढलं.

मी अगदीच हातावर हात ठेवून बसले असंही नाही. भाच्याला फोन करून मीच खास परवानगीचा अर्ज करायला लावला. रोज रेडिओ लावून बसायची. पूर्वी ज्या बातम्यांवर आम्ही हसत होतो, त्या मी आता प्रार्थनेसारख्या ऐकत होते. कुठले परराष्ट्रमंत्री काय म्हणाले, कुठलं शिष्टमंडळ येतंय, कोण म्हणतंय की निर्बंधांचा फटका सामान्यांना बसू नये. एक बाई बोलली होती तसं, कुठल्याशा परिषदेत. मला वाटलं, झालं, आता बंदी उठते. मला माझ्या घरातलं काम जगानं करून हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तोरिका कुंपणापाशी आली. आत आली नाही. "काय म्हणाला?"

"विचार करतोय," मी म्हटलं.

तिचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. बहिणीनं मागितलं आणि भाऊ विचार करतोय. हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं, कुणाच्याच घरात. ती म्हणाली, "विचार करतोय?" मी मान हलवली. ती तशीच परत गेली. तिची थट्टा करायची माझी छाती झाली नाही, तिनंही माझी केली नाही.

आठव्या दिवशी पुन्हा आली. मी म्हटलं, साहेबांशी बोलतो म्हणालाय. एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या पाठोपाठ चालत येतं, बोलवावं लागत नाही. त्या रात्री मी इसिमेलीच्या शेजारी जागी पडून होते. वाक्य तीन शब्दांचं होतं. उद्या सांगते, असं स्वतःला म्हटलं. उद्या सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी रविवार होता. चर्चहून येऊन आम्ही जेवायला बसलो होतो. नारळाच्या दुधातलं अळू, कंद, थोडा मासा. मुली मैत्रिणींकडे गेल्या होत्या. मागचं दार वाजलं नाही. तोरिका सरळ स्वयंपाकघरात आली, आणि स्वयंपाकघरात थांबली नाही. मधल्या दारात, माझ्या जागेवर, येऊन उभी राहिली.

"इसिमेली," ती म्हणाली.

त्याच्या हातातला घास ताटात पडला. बावीस वर्षांत त्यानं तिच्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं. भर चर्चमध्ये कुणी उघडं झालं असतं तरी तो इतका हबकला नसता. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही.

"आजवर मी दोनदा मागितलं," तोरिका म्हणाली. "दोन्हीदा तू दिलंस. तिसऱ्यांदा नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचंस. विचार करतोय म्हणून मला अकरा दिवस दारात का उभी केलीस? आई रोज विचारतेय, निघाली का. मी तिला काय सांगू, तुझा मुलगा विचार करतोय?"

इसिमेलीनं मान जराशी माझ्याकडे वळवली आणि अगदी हळू, नेहमीच्याच आवाजात विचारलं, "लोसा, तिनं काय मागितलंय?"

तोरिकानं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. तिला कळलं. मला ती रागावून काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती बोलली नाही. दोघंही थांबली होती, मी माझं काम करण्यासाठी.

मी म्हटलं, "लष्कर सोड म्हणतेय. तुझा सुटकेचा कागद मिळाला तर तिला दोन दिवसांत जाता येईल."

"कधी मागितलं?"

"मागल्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी."

तो एवढंच म्हणाला, "तिला सांग, उद्या सकाळी अर्ज देतो."

मी तोरिकाकडे वळले. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "उद्या सकाळी अर्ज देतो म्हणतोय," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि मागच्या दारानं निघून गेली. इसिमेलीनं ताट सारलं, उठला, आणि भोंग्याला पॉलिश करत बसला. सरकारी वाद्य परत करायचं तर चकचकीत करून द्यावं लागतं.

त्याला चार वेगवेगळ्या टेबलांवर बसवून विचारलं, का सोडतोस, कुणी शिकवलं. तो सगळीकडे एकच म्हणाला, "बहिणीनं मागितलं." डोंगराकडचा एक म्हातारा सुभेदार होता, त्यानं ते ऐकून पुढे काही विचारलं नाही आणि बाकीच्यांनाही विचारू दिलं नाही. तरी कागद हातात यायला शुक्रवार उजाडला, अर्जापासून बारावा दिवस. सोमवारी तोरिका तो घेऊन त्या खिडकीशी गेली. माणूस तोच होता. त्यानं खरंच दोन दिवसांत काम केलं. विमान गुरुवारचं होतं.

सासूबाई सोमवारी गेल्या, तोरिका त्या खिडकीसमोरच्या रांगेत उभी असताना.

तरी ती गुरुवारी गेली. शेवटची अंघोळ तरी लेकीच्या हातची व्हायला हवी. भाचा नंतर सांगत होता, तिनं रुग्णालयाच्या थंड खोलीत आईच्या केसांना खोबरेल लावलं, घरून नेलेलं, आणि तासभर पाय चेपत बसली. तिथली नर्स म्हणाली, आता त्यांना काही कळत नाही. तोरिका म्हणाली, "मला कळतंय ना."

पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन परत आली. विमानतळावर पेटीच्या एका बाजूला इसिमेली उभा होता, साध्या सुलूत, दुसऱ्या बाजूला तोरिका. दोघांच्या नजरा पेटीवर. एकमेकांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे खूप असणार, पण कुणीही माझ्याकडे वळलं नाही. मी पेटीच्या पायांकडच्या बाजूला उभी होते आणि माझ्या हातात नेण्यासारखं काही नव्हतं.

तोवर आम्ही घर सोडलं होतं. शहराबाहेर चुलतदिराच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो आणि इसिमेली बसडेपोत गाड्या धुवायला जायचा. तो मला एकदाही टाकून बोलला नाही. एकदाच, हात धुता धुता म्हणाला, "निरोप दिला असतास तर मी काय म्हटलं असतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच दिला नाहीस ना?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला. मुलींच्या नव्या शाळेबद्दल बोलायला लागला.

गावाकडे सासूबाईंना मातीत ठेवल्यावर दहा रात्री झाल्या. त्यानंतर मी माझ्या माहेरी निरोप धाडला. कंडावूहून माझे म्हातारे मामा आले, देवमाशाचा दात घेऊन. आमच्याकडे घोर अपराधाची क्षमा मागायची तर तो दात पुढे ठेवून, खाली बसून, अपराध तोंडानं बोलून दाखवावा लागतो. नुसतं 'चुकलं' म्हणून भागत नाही. मामांनी मला बजावलं होतं, "बोलणं माझं. तू गप्प बसायचं."

इसिमेलीच्या चुलत्याचं घर. एका बाजूला त्यांचे लोक, तोरिका काळ्या कपड्यांत मागे बसलेली. इसिमेली दाराजवळ, तिच्यापासून दूर. मामांनी दात दोन्ही हातांवर धरला, दोन्ही घराण्यांची नावं घेतली, मोठमोठ्या विशेषणांनी घेतली, आणि मग अपराधापाशी आले. म्हणाले, "आमच्या लेकीच्या हातून एक निरोप पोचायला थोडा उशीर झाला. दिवस वाईट होते. परदेशांची बंदी होती, इथे बंदुका होत्या, सगळ्या जगाचाच गोंधळ होता, तिथे एका बाईची काय कथा."

त्यांनी मला वाचवायला जगभर जाळं टाकलं. मला ते चाललं असतं. सगळे मान हलवत होते, खरंच होतं ते. मी तोरिकाकडे पाहिलं. ती मान हलवत नव्हती.

"उशीर झाला नाही," मी म्हटलं. मामांनी माझ्याकडे डोळे वटारले. "मी दिलाच नाही. तिनं बुधवारी मागितलं. माझं घर जाईल, नवऱ्याची नोकरी जाईल, म्हणून मी तो गिळला. अकरा दिवस. तिला खोटं सांगितलं, की तुझा भाऊ विचार करतोय. ते अकरा दिवस नसते तर ती आईजवळ आठवडाभर बसली असती. बंदी तिकडच्यांनी घातली, बंड सेनापतीनं केलं. ते अकरा दिवस माझे आहेत."

चुलत्यांनी पुढे होऊन दाताला हात लावला. दात आला की क्षमा नाकारत नाहीत. त्यांनी तो स्वीकारला, सासूबाईंच्या नावानं चार शब्द बोलले, आणि क्षमा मान्य झाल्याच्या ओंजळीच्या टाळ्या पडल्या, गंभीर, एका लयीत. तोरिकानंही वाजवल्या. सगळ्यांसारख्याच, एकही कमी नाही.

मग ती उठून माझ्याजवळ आली. माझ्या गालाला नाक लावून रिवाजाप्रमाणे श्वास घेतला. "वहिनी," ती म्हणाली, "जेवून जा."

तिनं मला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. मी जेवले. तिनं मला मोठा कंद वाढला, माशाचा मधला तुकडा वाढला, आणखी हवं का विचारलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. ती येते, आठवड्याला येते. मुलींना फ्रॉक शिवून आणते. पत्र्याच्या खोलीला मधलं दार नाही, म्हणून ती बाहेर ओट्यावर बसते, इसिमेली आत, मी उंबऱ्यात. निरोप माझ्याच हातून जातात. फक्त आता तो घरात असतानाच ती निरोप देते.

मागच्या रविवारी तिनं विचारलं, त्याचा गुडघा कसा आहे. मी आत विचारलं, बाहेर सांगितलं. मग मला राहवलं नाही. मी तिच्या पायांकडे बघत म्हटलं, "काय गं चिखलपायी, आज बरे धुतलेस. नदीला पूर आला होता वाटतं."

आत इसिमेलीची हालचाल थांबली. मी वाट बघत राहिले. मला मासेखाऊ म्हणेल, माझ्या बेटाला, माझ्या बापाला, माझ्या नाकाला, कशालाही काहीही म्हणेल.

तोरिकानं आपल्या पायांकडे पाहिलं, आणि हसली, पाहुणीसारखी.

"हो वहिनी," ती म्हणाली. "वाटेत नळ होता."